वाकळेचा घास

लोकांना वाकळ म्हटलं की ऊब आठवते, आजीचं लुगडं आठवतं, आणि आणखी काय काय आठवतं. मला उंदीर आठवतात. परवा शेजारीण कुठल्याशा प्रदर्शनातून वाकळ घेऊन आली. भिंतीवर टांगायची म्हणे. वाकळ काय कॅलेंडर आहे टांगायला? तिच्यावर रंगीत चिंध्यांची मांजरं, कुत्री, एक गाय. "किती गोड आहेत ना?" म्हणाली. मी "हो" म्हटलं आणि पुढ्यातला चहा तसाच टाकून घरी आले. तिला वाटलं असेल, हिचा जळफळाट झाला. वाटू दे.

असली जनावरांची वाकळ माझ्या आक्कानं शिवली होती, आणि ती काही भिंतीसाठी नव्हती. त्या वाकळेचं वाटोळं मी केलं. वाकळेचंही आणि आक्काचंही. आता या वयात खोटं कशाला बोलू?

मी तेव्हा सातवीत होते. आमचं गाव निपाणीपासून तासाभराच्या चालीवर. आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला, आई घरी विड्या वळायची. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला संकेश्वरच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यात दिली होती. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा एका शिमग्याला दाजी तिला आमच्याकडं आणून सोडून गेले. "महिनाभर ऱ्हाऊ द्या, तिला जरा बरं वाटंल," म्हणाले. चहा प्याले, बशी खाली ठेवली आणि गेले. महिन्याचे दोन झाले, सहा झाले, वर्ष होत आलं, तरी न्यायला कुणी आलं नाही. आमच्यात लेक आपण होऊन सासरी जात नाही, तिकडून माणूस यावं लागतं. वेशीवर यष्टी थांबल्याचा आवाज आला की आक्का हातातलं विडीचं पान खाली ठेवायची. जरा वेळानं परत उचलायची.

नवऱ्याचा विषय ती काढत नसे, पण तिथल्या म्हशीचा रोज काढायची. त्या म्हशीचं एक शिंग खाली वळलेलं होतं, आणि ती आक्काशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. "माझ्या माघारी तिचं काय हुईत आसंल गं," म्हणायची. आई फटकन म्हणायची, "म्हशीची काळजी हाय, सोताची करा."

आमचा मामा बाजार फिरून बैलांची दावी, कासरे, घुंगरमाळा विकायचा. संक्रांतीनंतर तो संकेश्वरचा बाजार करून आला आणि उंबऱ्यातच हसत सुटला. "आगं, तुझ्या सासूला म्हस लाथा घालतीया! तुझं जुनं लुगडं नेसून बसली म्हातारी, तवा कुठं पान्हवली." आम्ही सगळेच हसलो. आक्का हसली नाही. तिनं विचारलं, "आत्ती काय म्हनली?" सासूला ती आत्ती म्हणायची. मामा म्हणाला, "म्हनली, पोरगी गुणाची हुती, पर..." "पर काय?" "पर काय? म्हाताऱ्या बायांचं 'पर' कदी संपतंय व्हय?"

त्याच दुपारी तिनं आईचं बोचकं सोडलं आणि चिंध्या निवडायला बसली. म्हणाली, "आत्तीला वाकळ शिवून धाडनार. तिचा सगळा गोठा वाकळंवर घालनार. माणसं मला इसरली आसतील, पर जनावरं न्हाय इसरल्याली. ती बघून तरी तिला वाटंल, ही आमच्यातलीच हाय." तिची सगळी आशा त्या वाकळेवर होती, दुसरं काहीच तिच्या हातात नव्हतं. आईनं तोंड फिरवलं, पण बोचकं काही परत बांधलं नाही.

आक्का कागदावर काही काढायची नाही. कापड मांडीवर पसरायची, डोळे मिटायची आणि मग कात्री चालवायची ती थेट. म्हशीला कापड कुठलं? तर आप्पांच्या मोडक्या छत्रीचं. काळं, जरा चकाकणारं, नुकती धुतलेली म्हैस असावी तसं. बैलांना आप्पांच्या जुन्या धोतराचं पांढरं, आणि शिंगांना इरकलीचा लाल काठ. कुत्र्याला माझ्या चुलतभावाच्या खाकी चड्डीचं कापड. मांजराला खणाचा तुकडा, त्यावर आधीच बारीक नक्षी, म्हणजे ठिपके वेगळे घालायला नकोत. डोळ्यांना सदऱ्याची बटणं. मी बटणं शोधायची, सुईत दोरा ओवायची आणि बडबड करायची. बैलाचं पोट फार सुटलंय म्हटलं तर म्हणायची, "सासूच्या हातचं खातोय त्यो, माझ्यासारखा उपाशी हाय व्हय?"

गल्लीतल्या बायका यायच्या आणि कंबरेवर हात ठेवून बघायच्या. "वाकळंत जनावरं कोन घालतंय बाई! रातचं कुत्र्यावर निजायचं व्हय?" आप्पा जेवताना म्हणायचे, "ही वाकळ हाय का जनावरांचा बाजार?" पण बोलताना ते आपल्या धोतराच्या बैलाकडं बघत बसायचे. उन्हाळाभर ती शिवत राहिली. विड्यांचं सूप बाजूला सारलं की वाकळ मांडीवर. बोटांची चाळण झाली होती.

वाकळेत माणूस एकही नव्हतं. फक्त म्हशीच्या कासेजवळ तिनं एक हिरवा चौकोन लावला, लग्नातल्या शालूचा. मी विचारलं, "हे काय, गवताची पेंढी?" ती म्हणाली, "न्हाय. ही मी. धार काढाय बसलोय." आणि एवढी लाजली की मला मोठी गंमत वाटली.

आता मूळ गोष्ट सांगते. आमच्याकडं वाकळ पुरी होताना तिच्या शेवटच्या कोपऱ्यात घास घालतात. वाकळेचं पोट रिकामं ठेवायचं नाही, नाहीतर ती पांघरणाऱ्याच्या घरात उपासमार आणते. घास म्हणजे नखाएवढा भाकरीचा तुकडा, तोही दहा दिवस उन्हात वाळवून दगडासारखा केलेला. वर हळदीचं बोट. तो आत सारायचा आणि कोपरा बंद करायचा. इतकंच.

वाकळ पुरी झाली ती नेमकी बेंदराच्या दिवशी. आमच्याकडं ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर असतो. बैलांना आंघोळ, शिंगांना रंग, आणि माणसांच्या आधी बैलांना पुरणपोळी. मामा दुपारच्या यष्टीनं संकेश्वरला निघणार होता, त्याच्याबरोबर वाकळ धाडायची होती. शेवटचा कोपरा राहिला होता. आक्का घागर उचलून मला म्हणाली, "मी पानी घिऊन येतो. शिंक्यात घास वाळवून ठेवलाय, तेवढा घाल आन चार टाकं मार. जमंल न्हवं?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं.

शिंक्यातून तो तुकडा काढला. काळपट, वाकडा, नखाएवढा. मी तो बघितला आणि मग वाकळेवरच्या बैलांकडं बघितलं. बाहेर गल्लीत घुंगरं वाजत होती, चुलत्यांच्या दारात बैलांना पोळ्या भरवत होते. मला वाटलं, अरे, आज बेंदूर, आणि आक्काच्या बैलांना वाळकी भाकरी? सासूच्या घरी जायचे ते, आणि असे उपाशी? माझ्या डोक्यात आलं ते एवढंच. देवाशप्पथ, एवढंच. मी चुलीपाशी गेले, पोळी घेतली, तिचा चतकोर मोडला, वर तुपाची धार सोडली, घडी घालून कोपऱ्यात कोंबला आणि चार सोडून दहा टाके मारले. भाकरीचा तुकडा परसात कोंबडीला टाकला.

आक्का आली. म्हणाली, "घातलास?" मी म्हटलं, "घातला." तिनं घाईत वाकळेची घडी केली, फडक्यात बांधली, वर हळदकुंकू लावलं. तेवढ्यात मामाची हाक आली. तिनं कोपरा चाचपून बघितला असता तर! पण माझ्यावर भरवसा होता तिचा.

आठ दिवसांनी मामा परत आला तो हातवारे करतच. "म्हातारीनं वाकळ उलगडली आन जी बघत बसली! 'आगं माझे बये, शिंग सुदीक तसंच!' म्हनली. म्हशीवर हात फिरवला. हिरव्या तुकड्यावर बोट ठिवून म्हनली, ही कोन, आमची सून न्हवं?" आक्का पदर तोंडाला लावून ऐकत होती. मामानं निरोप सांगितला. सासू म्हणाली होती, नवी वाकळ पावसाळ्यात वापरायची नाही, माळ्यावर ठेवते. दसऱ्याला अंथरू, आणि सोनं वाटून झालं की पोरीला न्यायला गाडी धाडू. मुलाला मी समजावते.

त्यानंतरचे तीन महिने आमच्या घरात कुणी कुणावर खेकसलं नाही. आक्कानं ट्रंक पुसली. डोक्याला तेल लावायला लागली. मला म्हणायची, "मी गेल्यावर विड्या वळाय शिक, आईचं डोळं गेल्यात." मी मनात खूश होते. मला वाटायचं, माझ्या पोळीचाच गुण आला. सांगणारसुद्धा होते तिला एकदा. मग म्हटलं, दसऱ्याला सांगू, हसेल.

घट बसायच्या आधी घरोघरी सगळं अंथरूण-पांघरूण नदीला नेऊन धुतात. आम्हीही धुऊन आलो होतो, दोरीवर वाळत घालत होतो, तेव्हा मामा आला. हसत आला नाही. खांद्यावर पोतं होतं. ते त्यानं सोप्यात ठेवलं आणि कुणाकडं न बघता पाणी मागितलं.

आईनं पोतं सोडलं. वाकळ बाहेर आली तसा उंदराच्या लेंड्यांचा भपकारा आला. एक कोपरा पार गेला होता, आणि तिथून उंदीर आत शिरून चारी दिशांनी कुरतडत गेले होते. बैलांची पोटं फाटली होती. कुत्र्याचे नुसते पाय उरले होते. म्हशीचं तोंड नव्हतं, खाली वळलेलं शिंग तेवढं लोंबत होतं. हिरवा चौकोन कसा कोण जाणे धड होता.

मामा भिंतीला बोलल्यासारखा बोलत होता. सासूनं धुवायला म्हणून वाकळ माळ्यावरून काढली, तर ही अशी. त्याच आठवड्यात म्हैस गाभडली होती, पोटातलं रेडकू गेलं होतं. "म्हनली, आमच्या दावणीला खानारी वाकळ हाय ही. तिच्या हातानं आलीया, तिच्याकडंच जाऊ दे. पोरगीला धाडू नगा." एवढं सांगून तो उठला. त्या दिवशी तो जेवला नाही.

आईनं कपाळ बडवून घेतलं. "कुटलं पाप भवलं गं!" म्हणून रडायला लागली. मी खांबाला धरून उभी होते. मला सगळं कळलं होतं. उंदीर गोडासाठी आले होते, तुपासाठी आले होते, माझ्या पोळीसाठी आले होते. तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. मामा अजून वेशीवर असेल, त्याला परत बोलावून, सासूच्या पायावर डोकं ठेवून सांगायला हवं होतं की बायांनो, यात शकुन-अपशकुन काही नाही, ही एका गाढव पोरीची अक्कल आहे. मी नाही बोलले. आई मारेल म्हणून नाही बोलले. कारण इतकं क्षुल्लक होतं.

आक्का रडली नाही. तिनं वाकळ मांडीवर ओढली, तो गेलेला कोपरा शोधला, कडेचा पिवळा डाग बोटानं चोळला आणि कोपरा नाकाशी नेला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. एकदाच. म्हणाली, "तोंड धू जा. शाळंला उशीर हुईल." त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

दिवाळीनंतर दाजींनी दुसरं लग्न केल्याचं कळलं. आक्कानं ट्रंक आईला देऊन टाकली, मिरच्या ठेवायला. फाटकी वाकळ तिनं उसवली, तो हिरवा चौकोन काढून घेतला आणि बाकीचं चुलीत घातलं. मग ती निपाणीला वखारीत तंबाखू निवडायला जायला लागली. पहाटे जायची, दिवेलागणीला यायची. लुगड्याला, केसांना, तिनं केलेल्या भाकरीला तंबाखूचा वास. सुट्टीच्या दिवशी लोकांच्या वाकळा शिवून द्यायची, पण नुसत्या चौकोनी ठिगळांच्या. जनावर म्हणून पुन्हा घातलं नाही. बायका म्हणायच्या, हिच्या हातालाच दोष आहे, बरं झालं सोडलं. माझ्यासमोर म्हणायच्या. मी तेव्हाही ऐकून घेतलं.

मी शिकले. शिकवलं तिनंच. माझं लग्न झालं, बेळगावला आले, शाळेत लागले. दर दिवाळीला तिच्याकडं ठरवून जायचे की आता सांगायचं, आणि दर दिवाळीला चकल्या खाऊन परत यायचे. नवऱ्याला एकदा सांगितलं, तर तो म्हणाला, "उंदीर नसते तरी त्यांनी दुसरं काहीतरी काढलंच असतं." असेल. पण म्हातारीनं त्या म्हशीवर हात फिरवला होता, हे मामानं डोळ्यांनी बघितलं होतं. ते कसं पुसू?

मला मुलगी झाली तेव्हा आक्का बारशाला आली. खोकत होती. कुशीत वाकळ होती, बाळाची, हातभर लांबीची. लाल, निळे, पिवळे चौकोन, टाके मुंगीसारखे बारीक. आणि एका कोपऱ्यात तो हिरवा तुकडा. मी म्हटलं, "आक्का, एखादं मांजर तरी घालायचंस गं, पोरीला गंमत." ती म्हणाली, "जनावरं आता सुचत न्हाईत." मी हिरव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. आत टणक घास लागला. आक्का माझ्या बोटाकडं बघत होती. मी हात काढून घेतला आणि पेढे आणायला आत गेले.

मुलगी चार वर्षांची असताना आक्का गेली. छातीत तंबाखूची धूळ बसली होती, डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. शेवटी दोन दिवस मी तिच्या उशाशी होते. तिला बोलवत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. मी काय बोलले? "पाणी देऊ का?" "पाय चेपू का?" एवढंच बोलले. दोन दिवस पुरले नाहीत मला.

दिवस घालून बेळगावला आले आणि साठलेलं धुणं काढलं. त्यात ती छोटी वाकळ होती. पिळताना हिरवा कोपरा उसवला. चार वर्षं ती वाकळ मी धूत होते, आपटत होते, आणि आतला घास हाताला टणक लागतच होता. भाकरीचा तुकडा पहिल्या पाण्यालाच विरघळतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बोट घालून बाहेर काढला. चिंचोका होता. काळा, तुळतुळीत, आहे तसा.

उंदीर ज्याला तोंड लावत नाहीत असा घास तिनं माझ्या लेकीच्या वाकळेत घातला होता. म्हणजे त्या दिवशी कोपरा नाकाशी नेला तेव्हाच तिला तूप कळलं होतं, पुरण कळलं होतं, मी कळले होते. सगळी वर्षं तिला ठाऊक होतं. लोक तिच्या हाताला दोष देत राहिले आणि तिनं माझं नाव घेतलं नाही. एकदा जरी म्हणाली असती, "मुडदा बशिवला तुझा, काय घातलंस गं?" तर मी तिथंच तिच्या पायावर पडले असते. आणि बारशाच्या दिवशी तर तिनं तो घास माझ्या बोटाखालीच ठेवला होता. मी बोलेन म्हणून बघत बसली होती, आणि मी पेढे आणायला गेले.

मी मोरीपाशी ओल्या लुगड्यानिशी खाली बसले. मुलगी धावत आली, माझ्या मुठीवर टकटक करत म्हणाली, "आई, मावशीच्या वाकळेत काय सापडलं? दाखव ना."

"काही नाही गं," मी म्हटलं.